फुरसं, दुसऱ्यांदा

प्रयोगशाळेच्या खिडकीवर दिवसाला किती माणसं येतात, हे शर्मिष्ठाने पूर्वी कधी मोजलं नव्हतं. माणसं येईनाशी झाली तेव्हा ती मोजायला लागली. सोमवारी चार. मंगळवारी तीन, त्यातला एक जण एक्स-रे कुठे काढतात हे विचारायला आलेला. बुधवारी एकही नाही.

मोजणं तिच्या हातात मुरलेलंच होतं. कोल्हापूरला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती मालवणजवळच्या ह्या चाळीस खाटांच्या ट्रस्टच्या रुग्णालयात लागली, त्याला सतरा वर्षं झाली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं, की पुढची काच. घरी आई होती तोवर दिवसातली बडबड संध्याकाळी व्हायची. आई गेली त्याला आता दोन वर्षं झाली होती.

तरी खिडकी होती. आणि खिडकीवर विमला मावशी होती.

मावशी वॉर्डातून चिठ्ठ्या आणि रक्ताच्या नळ्या घेऊन खाली यायची. दिवसातून वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला वरच्या मजल्यावरचं काहीतरी तिच्याबरोबर खाली उतरायचं. पाच नंबरच्या म्हाताऱ्याने डाळभात भिरकावला. नव्या सिस्टरांचं लग्न मोडलं. बाळंतिणीची सासू मुलगी झाली म्हणून तोंड फिरवून बसलीय. शर्मिष्ठा 'हं' म्हणायची, नळीवर नंबर घालायची. मावशी म्हणायची, "बाईनू, तुमी बोलनास नाय, पण आयकतास बरा."

साप चावलेला माणूस आला, की मात्र चिठ्ठीबिठ्ठी काही नसायचं. पहिल्या नळीबरोबर तेवढी चिठ्ठी यायची, तिची वहीत नोंद व्हायची. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. पण ते लगेच थांबेलच असं नाही. सकाळी बरं असलेलं रक्त दुपारी पाण्यासारखं होतं. म्हणून पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. त्या वेळी चिठ्ठी लिहायला वर कुणाला सवड नसायची. मावशी नळी मुठीत धरून जिन्यावरूनच ओरडायची, "फुरसा! दुसऱ्यांदा!" मग "तिसऱ्यांदा!" वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग तिरकी करायची. रक्त जागच्या जागी राहिलं तर गोठलं, वाहिलं तर नाही. उत्तर शर्मिष्ठा बॉलपेनने मावशीच्या तळहातावर लिहायची आणि मावशी हात उंच धरून जिना चढायची. वॉर्डातले डॉक्टर तो हातच वाचायचे. सतरा वर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कधी चूक झाली नव्हती.

रुग्णालयात संगणक येऊन दोन वर्षं झाली, तरी चिठ्ठ्या सुटल्या नव्हत्या. दोन हजार नऊ साली गणपती झाल्यावर पुण्याहून रविराज नावाचा माणूस संगणकावरच्या प्रणालीची नवी आवृत्ती घेऊन आला आणि चिठ्ठ्या संपल्या. आता डॉक्टरांनी वॉर्डातल्या पडद्यावर तपासणी मागवायची. तिथल्या तिथे लेबल छापून निघणार, ते नळीला चिकटवून सिस्टरांनी रक्त घ्यायचं. नळ्यांचा ट्रे प्रयोगशाळेबाहेरच्या फळीवर ठेवून कुणीतरी बेल दाबायची. शर्मिष्ठाने उत्तर टंकलं, की ते थेट डॉक्टरांच्या पडद्यावर. विमला मावशीला कपड्यांच्या विभागात पाठवलं. बेल वाजली की शर्मिष्ठा दार उघडायची, तोवर पावलं जिन्यावर गेलेली असायची.

त्या आवृत्तीत आणखी एक सोय होती. एका रुग्णाची तीच तपासणी दोन डॉक्टर चुकून दोनदा मागवायचे, आणि लहान पोरांना दोनदा सुई टोचली जायची. ते आता टळणार होतं. तीच मागणी ठरलेल्या वेळेच्या आत पुन्हा आली, तर यंत्र ती आपोआप बंद करणार, लेबल छापणार नाही, आणि डॉक्टरांना आधीचंच उत्तर दाखवणार. प्रश्न एवढाच, की ठरलेली वेळ ठरवायची कुणी? रविराजने एकशे बारा तपासण्यांची यादी काढून दिली. प्रत्येकीपुढे रिकामा चौकोन होता : किमान किती तास.

"डॉक्टरांबरोबर बसून भरा, मॅडम," तो म्हणाला.

डॉ. विश्वेश नेरुरकर दोन्ही मजले एकटेच सांभाळायचे. त्यांनी उभ्याउभ्या यादी चाळली. "तुम्हीच भरा ना. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं."

तिला ते आवडलं. इतकं आवडलं, की पुन्हा जाऊन त्यांना काही विचारायला नको वाटलं. तीन दुपारी बसून तिने मागच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि एकेक तपासणी किती तासांनी पुन्हा झाली होती ते शोधलं. साखर, एक तास. हिमोग्लोबिन, बारा. थायरॉइड, सातशे वीस. रक्त गोठण्याची तपासणी वहीत बहुतेक ऑपरेशनआधीची होती. एका रुग्णाची ती एका दिवसात दोनदा झाल्याची एकही नोंद नव्हती. तिने लिहिलं : चोवीस. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ. खाली सही.

*

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. ट्रेमध्ये एक नळी होती. लेबलावर नाव लवू, वय चव्वेचाळीस, देवबाग. पडद्यावर कारण लिहिलेलं होतं : सर्पदंश, फुरसं. वीस मिनिटांनी तिने नळी तिरकी केली. रक्त घट्ट बसलं होतं. तिने 'गोठलं' असं टंकलं आणि दुसऱ्या नळीची वाट पाहू लागली.

नऊ वाजले. ट्रे आला, त्यात साखरेच्या आणि लघवीच्या नळ्या होत्या. देवबागची नव्हती. अकराला पुन्हा ट्रे आला. त्यातही नाही.

गोव्याला हलवला असेल, असं तिने धरलं. गंभीर माणसाला पुष्कळदा गोव्याला नेत. पूर्वी असं काही झालं की मावशी सांगायची, कुठली गाडी, बरोबर कोण, कोण रडलं. आता कोण सांगणार? वर फोन करावा, असं दोनदा मनात आलं. एकदा तिने रिसीव्हर उचललासुद्धा. पण 'प्रयोगशाळेतून बोलतेय, तुमचा पेशंट आहे का?' हे वाक्य मनात जुळवताना तिला ते भोचकपणाचं वाटलं. महिनाभरात तिने वर कुणाशी एक वाक्य बोललेलं नव्हतं. बोलण्याची सवय गेली की साधा प्रश्नसुद्धा अवजड होतो. तिने रिसीव्हर खाली ठेवला.

एक वाजता तिने डबा उघडला. दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. गोव्याला नेलं असेल तर पडद्यावर तशी नोंद असणार. ते पाहायला तर कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

तिने लवूचं नाव काढलं. तो कुठेही गेलेला नव्हता. पुरुषांचा वॉर्ड, खाट नऊ. नावाखाली आजपर्यंत तिने कधी न उघडलेला एक कप्पा होता, 'बंद केलेल्या मागण्या'. त्याच्यापुढे आकडा होता तीन.

तिने तो उघडला. नऊ वाजून पाच मिनिटं, रक्त गोठण्याची तपासणी, बंद. अकरा वाजून दहा, बंद. बारा पन्नास, बंद. तिन्हींपुढे एकच कारण : चोवीस तासांच्या आत पुनरावृत्ती. आणि तिन्ही वेळा डॉक्टरांना दाखवलेलं उत्तर : गोठलं.

ते उत्तर सकाळी साडेसातच्या रक्ताचं होतं. आकडा तिचा होता.

तिच्या डोळ्यांपुढे वही आली नाही, मावशीचा तळहात आला. निळी अक्षरं, घामाने पसरलेली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सतरा वर्षांतलं त्यातलं काहीएक वहीत उतरलेलं नव्हतं. वहीत नाही ते घडलंच नाही, असं समजून ती तीन दुपारी हिशेब करत बसली होती.

कपाटाच्या तळाशी बिस्किटांच्या जुन्या डब्यात काचेच्या कोऱ्या नळ्या होत्या. ह्या तपासणीला प्लॅस्टिक चालत नाही आणि साबणाने धुतलेली काचही चालत नाही. तिने दोन नळ्या घेतल्या, सुया घेतल्या, आणि जिना चढली.

*

नऊ नंबरच्या खाटेवर लवू बसलेला होता. काळा, रुंद खांद्यांचा माणूस. उजवी तर्जनी सुजून केळ्याएवढी झाली होती. त्याची बायको चंद्रावती पिशवीत कपडे भरत होती.

"कुठे निघालात?" शर्मिष्ठाने विचारलं.

"घराक. डॉक्टर आत्ताच सांगान गेले, रगात बरा आसा म्हणान. सांजेक सोडतले." चंद्रावतीने तिच्या हातातली सुई पाहिली. "आता आणि कित्याक?"

"पुन्हा एकदा बघायचंय."

"बघा बघा. ह्येचा रगात बघूकच होया. माडाची सुकी चुडतां उचलूक सांगल्यानी कोणी? नको नको म्हणी होतंय, पावसापासना पडलेली उडवी ती, काठी घालून बघ आधी. पण ह्यो मेलो आयकता खंय!"

"सकाळधरना ह्याच चल्लाहा," लवू शर्मिष्ठाला म्हणाला. "फुरसा एकदाच चावला. ह्या सात तास चावताहा."

तो हसला. दातांच्या फटीत लाल रेषा होती.

शर्मिष्ठा वाकली. "तोंड उघडा पाहू."

"त्याका काय बघतास?" चंद्रावती म्हणाली. "तंबाखू खाल्ल्यान आसतली चोरून. मगापासना तांबडा थुकता."

"तंबाखू खंयची, तूच पुडी समुद्रात टाकलंस मा?" लवू म्हणाला. "दात घासताना लागला आसतला."

दात घासताना लागलेलं रक्त पाच मिनिटांत थांबतं. शर्मिष्ठाने त्याच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्त घेतलं. सुई काढल्यावर टोचल्या जागी कापूस दाबून धरायला सांगितलं. मग तिला दुसरी नळी आठवली. बऱ्या माणसाचं रक्त शेजारी ठेवलं, की नळीत दोष नाही हे कळतं.

"तुमचं घेऊ?" तिने चंद्रावतीला विचारलं.

"माझा? माका खंय चावला?" असं म्हणेपर्यंत तिने बांगड्या वर सारून हात पुढे केला होता.

दोन्ही नळ्या शर्मिष्ठाने औषधांच्या कपाटावर उभ्या केल्या, नवऱ्याची डावीकडे, बायकोची उजवीकडे, आणि घड्याळ पाहिलं. एक वाजून चोवीस. सिस्टर लांबून म्हणाल्या, "मॅडम, ऑर्डर नाहीये." शर्मिष्ठा म्हणाली, "माहीत आहे. डॉक्टरांना बोलवा." तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

वीस मिनिटं काही करण्यासारखं नसतं. खाली ती ह्या वेळात दुसऱ्या काचा पाहायची. इथे स्टुलावर बसून राहावं लागलं. चंद्रावतीच्या अंगाला मिठाचा आणि सुक्या बांगड्याचा वास होता. पिशवी भरता भरता ती पुन्हा पुन्हा नळ्यांकडे बघत होती.

"हात लावूचो नाय?"

"नाही. हलवलं तर कळत नाही."

"तुमचा घर खंय?"

"धुरीवाड्यात."

"घराक कोण कोण आसत?"

"आई होती. दोन वर्षं झाली."

"म्हणजे एकटीच?" चंद्रावतीने कपडे भरणं थांबवलं. "मगे भांडतास कोणावांगडा?"

शर्मिष्ठाने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. लवूने दंडावरचा कापूस उचलून पाहिला आणि परत ठेवला. कापूस भिजलेला होता. तिने त्यावर आपला हात ठेवून तो घट्ट दाबून धरला, आणि उरलेली नऊ मिनिटं तशीच धरून राहिली.

डॉ. विश्वेश आले तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती. "मॅडम, तुम्ही इथे? ह्यांचं तर गोठतंय. तीनदा मागवलं मी, तिन्ही वेळा नॉर्मल आलं."

"एक मिनिट, डॉक्टर."

मिनिट झालं. तिने आधी चंद्रावतीची नळी तिरकी केली. रक्त आपल्या जागी बसलं होतं, जेलीसारखं. मग तिने लवूची नळी उचलली. रक्त काचेवरून सरळ कडेपर्यंत वाहत आलं.

चंद्रावतीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण दोन नळ्यांतला फरक तिला दिसला. तिच्या हातातली पिशवी खाटेवर पडली.

"पडद्यावर दिसतं ते साडेसातचं आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "तुमच्या तिन्ही मागण्या यंत्राने बंद केल्या. खाली एकही आली नाही. चोवीस तासांचा आकडा मी भरलाय. सर्पदंशाचा विचार केला नाही."

डॉक्टर सिस्टरांकडे वळले. "सिस्टर, सलाइन. विषावरच्या दहा बाटल्या. आत्ता."

*

लवू वाचला. त्या संध्याकाळी सहाव्या तासाला रक्त पुन्हा वाहिलं आणि आणखी इंजेक्शन द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घट्ट बसलं. दोन्ही वेळच्या नळ्या शर्मिष्ठाने स्वतः वर जाऊन भरल्या. शनिवारी चंद्रावती पिशवी घेऊन जिना उतरली तेव्हा प्रयोगशाळेचं दार बंद होतं. शर्मिष्ठा सूक्ष्मदर्शकावर होती. तिला पावलं ऐकू आली, लवूची जड आणि बायकोची भरभर, आणि चंद्रावतीचा आवाज, "ह्या बाजूक नाय, मेल्या, थंय भायर जावचा!" मग तेही गेलं.

त्याआधीच गुरुवारी दुपारी, वॉर्डातून खाली आल्या आल्या, तिने दोन कागद लिहिले होते. एक ट्रस्टच्या कार्यालयाला, काय झालं आणि चूक कुणाची हे सांगणारा. दुसरा पुण्याला. त्यात रक्त गोठण्याच्या तपासणीपुढे चोवीसच्या जागी तिने शून्य लिहिलं.

रविराज फोनवर म्हणाला, "मॅडम, आकडे आवृत्तीबरोबरच बदलतात. पुढची सीडी दिवाळीनंतर. तोवर कागदावर चालवा."

म्हणून मधले एकोणीस दिवस साप चावलेल्यांसाठी विमला मावशीला कपड्यांच्या विभागातून परत बोलावलं. ऑक्टोबर सरता सरता फुरशी फार निघतात. भात कापणारे, चिरे उचलणारे, गवत काढणारे येत राहिले. "बाईनू, फुरसा! दुसऱ्यांदा!" मावशी जिन्यावरूनच ओरडायची. "आणि आयकलास काय? कपड्यांतली ती सुपरवायझर माका चादरी मोजूक शिकवता! माका!" शर्मिष्ठा नळीवर नंबर घालायची. आता ती प्रत्येक फेरी वहीत लिहायची, वेळेसकट. मग बॉलपेन घेऊन मावशीच्या तळहातावर उत्तर लिहायची. गरज नसताना एकदोनदा तिने अक्षर जरा मोठंच काढलं.

डॉ. विश्वेश जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मी तेव्हा खाली येऊन बसायला हवं होतं तुमच्याबरोबर. एकदा येतो. सगळी यादी पुन्हा बघू." तिने मान हलवली. त्यांच्या हातातला फोन वाजला आणि ते वर गेले. यादी तिने एकटीनेच पुन्हा पाहिली, ह्या वेळी वह्यांवरून नाही, मावशीला समोर बसवून, एकेक तपासणी वाचून दाखवत, "ह्याचं कधी ओरडायचात?" असं विचारत. आणखी चार आकडे बदलले.

दिवाळीनंतर सीडी आली. रविराजने ती घातली, तासभर खटपट केली, आणि म्हणाला, "बघा, मॅडम." खोट्या रुग्णाच्या नावावर त्याने वरून मागणी घातली, मग लगेच दुसरी. दोन्ही खाली आल्या. तिसरीही आली. आकडा बरोबर होता.

"आता ती बाई लागायची नाही," तो म्हणाला.

"नाही," शर्मिष्ठा म्हणाली.

पुढच्या मंगळवारी सकाळी बेल वाजली. ट्रेमध्ये एक नळी, लेबलावर नाव, गाव आचरा, सर्पदंश. दीड तासाने पुन्हा बेल वाजली. त्याच नावाची दुसरी नळी होती, बरोबर वेळेवर. तिने दार उघडलं तेव्हा जिन्यावर कुणी नव्हतं.

वीस मिनिटांनी तिने नळी तिरकी केली. रक्त जागच्या जागी होतं. तिने उत्तर टंकलं, ते वर गेल्याचं पाहिलं. मग वही ओढली, वेळ लिहिली, आणि वेळेपुढे, यंत्राला नको असलेला शब्द स्वच्छ अक्षरात लिहिला : दुसऱ्यांदा.